रसाचा पुन्हा ऊस

परवा कन्येने इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक माझ्यापुढे आपटले. "बाबा, इनडायरेक्टचं डायरेक्ट करून द्या. दहा वाक्यं. उद्या दाखवायचीयत."

मी पडलो बी.कॉम. डायरेक्ट टॅक्स आणि इनडायरेक्ट टॅक्स यांपलीकडे माझी मजल नाही. तरी बसलो.

पहिलेच वाक्य : 'द मॅनेजर टोल्ड द क्लार्क दॅट ही हॅड मेड अ मिस्टेक.' आता चूक कोणाची? व्याकरणाप्रमाणे ती मॅनेजरचीही असू शकते. बावीस वर्षांच्या नोकरीत मला असा मॅनेजर भेटला नाही, ते सोडा. पण साहेब 'यू मेड' म्हणाले की 'यू हॅव मेड'? इनडायरेक्ट होताना दोन्ही 'हॅड मेड'च्या एकाच खात्यात जमा होतात. नंतर कोणाची रक्कम कुठली, हे कसे सांगणार?

माझी तक्रार हीच. उसाचा रस काढता येतो. हे पुस्तक रसाचा पुन्हा ऊस करायला सांगते. वर उत्तर एकच! 'विथ जॉय' दिसले की 'हुर्रे', 'विथ सॉरो' दिसले की 'अलास'. अख्ख्या जगाने एकाच शब्दात रडायचे!

आमच्या पिढीला व्याकरण पाजणाऱ्या रेन-मार्टिन जोडीतले रेनसाहेब 'बो जेस्ट'सारखी (१९२४) कादंबरी लिहिणारे. पात्रांना थेट बोलू दिले, इनडायरेक्ट आमच्यासाठी ठेवले.

मराठीत एवढी भानगड नाही. 'मी उद्या येतो म्हणाला.' 'मी' जागेवर, 'उद्या' जागेवर. अवतरणचिन्हे लावा, सुटलात. इंग्रजीत त्याचा 'ही' होतो, उद्याचा 'द नेक्स्ट डे' होतो आणि माणूस परका होतो.

दहावे वाक्य : 'द ओल्ड मॅन आस्क्ड व्हेअर हिज सन वॉज.' मी 'व्हेअर इज माय सन?' असे लिहून दिले आणि गप्प बसलो. वडील गेले तेव्हा मी पोचलो नव्हतो. दादाने नंतर कळवले होते, 'बाबांनी तुझी चौकशी केली.' तेवढ्यावर मी इतकी वर्षे समाधान मानले.

रात्री दादाला फोन लावला. "बाबा नेमकं काय म्हणाले होते रे?"

दादा जरा थांबला. म्हणाला, "म्हणाले, 'त्याला उगाच कळवू नका. रजा मागायला लाजतो तो.'"

कन्येला दहापैकी दहा मिळाले.