ख्रिस्ती श्रद्धा आणि राष्ट्रीय संस्कृतीचे नवीकरण : रेव्ह. टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या कार्याचा एक पुनर्विचार

प्रस्तावना

धर्मांतर आणि राष्ट्रीयत्व यांचा संबंध हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनातील एक वादग्रस्त विषय राहिला आहे. ख्रिस्ती झालेला मनुष्य आपल्या समाजाला, भाषेला आणि पर्यायाने राष्ट्राला पारखा होतो, अशी त्या काळी दृढ समजूत होती. तिचे पडसाद अद्यापही ऐकू येतात. या समजुतीला उत्तर म्हणून आपल्याकडे बहुधा एकच युक्तिवाद पुढे केला जातो. फादर स्टीफन्स यांनी ओवी लिहिली, रेव्ह. टिळकांनी अभंग रचले, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धा या मातीत रुजली आणि तिने आपली संस्कृती समृद्ध केली, असा तो युक्तिवाद. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. त्यात श्रद्धेचे देशी रूप तेवढे पाहिले जाते, त्या श्रद्धेने सार्वजनिक जीवनात काय बदलले हे विचारले जात नाही.

प्रस्तुत लेखात रेव्ह. नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक या तिघांच्या कार्याचा या दृष्टीने विचार केला आहे. ख्रिस्ती श्रद्धेने महाराष्ट्राच्या संस्कृतीचे नवीकरण केले ते केवळ देशी वेश धारण केल्यामुळे नव्हे, तर ती सत्तेपासून आणि स्वतःच्या संस्थेपासूनही अंतर राखून समाजाला प्रश्न विचारू शकली तेव्हाच, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

देशी रूपाची परंपरा आणि रेव्ह. टिळक

ख्रिस्ती आशय मराठी छंदात मांडण्याची परंपरा टिळकांच्या फार पूर्वीची आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाले. पुराणाचा घाट आणि ओवीचा छंद यांचा त्यांनी जाणीवपूर्वक स्वीकार केला. पुढे ब्रिटिश अमदानीत अहमदनगर येथे १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिक सुरू झाले. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' हे विधवांच्या स्थितीवरील कथानक प्रसिद्ध झाले आणि मराठी कादंबरीचा आरंभ त्यापासून मानला जातो. म्हणजे भाषा आणि वाङ्मयप्रकार या पातळीवरील देवाणघेवाण टिळकांच्या जन्मापूर्वीच सुरू झाली होती.

टिळकांचे वेगळेपण असे की, त्यांच्या बाबतीत राष्ट्राची चिंता आधी आणि धर्मांतर नंतर असा क्रम दिसतो. जातिभेदाने विस्कळीत झालेल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, या प्रश्नाने ते व्याकूळ झाले होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे जाणे म्हणजे देशापासून दूर जाणे असे त्यांना कधीच वाटले नाही. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून पोहोचविले अशी त्यांची भावना होती. मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गाइली जाणारी त्यांची पदे आणि अभंग, ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' रचण्याचा संकल्प आणि 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन ही या भावनेची फळे होत.

तथापि टिळकांच्या कार्याचे मूल्यमापन येथेच थांबविले तर त्यांच्यावर अन्याय होईल. 'फुलामुलांचे कवी' या लौकिकाआड आणि भजनकाराच्या प्रतिमेआड त्यांच्यातील संस्थाविरोधक झाकला गेला आहे. ज्या अमेरिकन मराठी मिशनची त्यांनी दीर्घकाळ सेवा केली, त्याच मिशनच्या कारभारातील परकी वर्चस्व त्यांना सलत होते. पगारी धर्मसेवक आणि मिशनरी यांच्यातील नाते धनी-चाकराचे होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. अखेर १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांइतकेच बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांनाही स्थान होते. चर्चच्या सीमारेषेपेक्षा श्रद्धेची सीमारेषा विशाल आहे, असे सांगणारा हा विचार त्या काळाच्या मानाने अत्यंत धाडसी होता. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्यामुळे तो संस्थारूपाने फुलू शकला नाही. अभंग ही टिळकांची भाषा होती. वेतन नाकारणे ही त्या भाषेची किंमत होती. दुसऱ्या गोष्टीवाचून पहिली केवळ अलंकरण ठरली असती.

पंडिता रमाबाई : रूपापेक्षा न्यायाचा आग्रह

पंडिता रमाबाईंचा मार्ग याच्या जवळजवळ उलट दिशेने जातो. संस्कृत विद्येचा वारसा त्यांना टिळकांपेक्षाही अधिक लाभला होता; परंतु ख्रिस्ती श्रद्धेला त्या वारशाचे वस्त्र नेसवावे असे त्यांना वाटले नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आपल्या धर्मगुरूंशी आणि भगिनीसंघातील मार्गदर्शिकांशी झालेल्या पत्रव्यवहारात, आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही हवाली करणार नाही, ही भूमिका त्यांनी स्पष्टपणे मांडली. हिंदू शास्त्राधिकाराला प्रश्न विचारणारी ही स्त्री ख्रिस्ती धर्माधिकारालाही त्याच निर्भयतेने सामोरी गेली.

१८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. विधवांच्या शिक्षणाच्या या कार्याला न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांचा पाठिंबा होता. मात्र धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये गदारोळ उठला, पालकांनी मुली काढून घेतल्या आणि सल्लागार मंडळही दूर झाले. या प्रसंगाचा अर्थ केवळ 'सुधारक विरुद्ध सनातनी' असा लावता येत नाही. श्रद्धा खासगी ठेवून सेवा सार्वजनिक करावी, ही सुधारकांची अपेक्षा होती. ज्या श्रद्धेतून सेवा उगवते ती लपवावी कशी, हा रमाबाईंचा प्रश्न होता. विद्यार्थिनींच्या वयाचा आणि पालकांच्या विश्वासाचा विचार करता सुधारकांच्या हरकतीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. सार्वजनिक जीवनात श्रद्धेचे स्थान कोणते, हा आजही न सुटलेला प्रश्न महाराष्ट्रात इतक्या तीव्रतेने प्रथम या वादात उभा राहिला, हे त्याचे महत्त्व.

रमाबाईंची श्रद्धा राज्यकर्त्यांची बटीक नव्हती, याचा पुरावा १८९७ च्या प्लेगच्या काळात मिळतो. पुण्यातील सरकारी प्लेगव्यवस्थेत स्त्रियांच्या होणाऱ्या हालअपेष्टांविरुद्ध त्यांनी जाहीर पत्र लिहून सरकारवर टीका केली. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारणारी व्यक्ती राज्यकर्त्यांची पक्षपाती असणारच, हे गृहीतक येथे कोसळते. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व स्त्रियांना आणून त्यांनी केडगाव येथे मुक्ती मिशनचा पाया घातला. तेथे स्त्रिया अक्षरांची जुळणी आणि छपाई शिकल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्याच छापखान्यात छापला गेला. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. संस्कृतप्रचुर शब्द टाळून अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल अशी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. एका संस्कृत पंडितेने संस्कृतचा मोह सोडावा, ही घटना भाषिक लोकशाहीच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

'स्मृतिचित्रे' : चुलीपासून झालेले नवीकरण

टिळकांचा प्रश्न रूपाचा आणि रमाबाईंचा न्यायाचा म्हटला, तर लक्ष्मीबाई टिळकांचा प्रश्न रोजच्या आचाराचा आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'चे कौतुक समीक्षकांनी सहजसुंदर भाषा, विनोद आणि प्रांजळपणा या गुणांसाठी केले. ते सर्वथा योग्य आहे. परंतु या प्रशंसेत ग्रंथाचा वैचारिक गाभा काहीसा दुर्लक्षित राहिला.

पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंनी काही वर्षे वियोगात काढल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. जात ही देवाची नव्हे, माणसाची निर्मिती आहे, हे त्यांना पटले ते बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. हा क्रम लक्षणीय आहे. येथे प्रथम अन्नपाण्याची शिवाशिव सुटते आणि मग सिद्धान्ताचा स्वीकार होतो. कोणत्याही मिशनरी प्रवचनापेक्षा हे स्थित्यंतर अधिक विश्वसनीय वाटते, कारण त्यात विजयाचा सूर नाही. स्वतःच्याच पूर्वग्रहांकडे मिस्कीलपणे पाहण्याची वृत्ती आहे.

टिळकांच्या घराचे या ग्रंथात आलेले चित्रही याच दृष्टीने पाहावे लागेल. अनाथ मुले, विद्यार्थी, अडलेनडलेले यांना त्या घराचे दार उघडे होते. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरविले गेलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे पुढे या घरात राहिले, आणि ते हिंदूच राहिले. धर्मांतराची अट न घालता आधुनिक मराठी कवितेच्या एका श्रेष्ठ कवीला ख्रिस्ती कुटुंबाने माया दिली, हे 'देवाच्या दरबारा'चे त्या कल्पनेच्या आधीच घडलेले प्रात्यक्षिक म्हणता येईल. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. काव्याचा हा वारसा पतीकडून पत्नीकडे जावा, हेही त्या नवीकरणाचेच अंग होय.

मर्यादा

वरील तिघेही जन्माने ब्राह्मण होते, ही बाब नजरेआड करून चालणार नाही. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार व मांग समाजांतून आला होता. त्यांच्या लेखी धर्मांतर ही राष्ट्रधर्माच्या शोधापेक्षा शाळा, माणुसकी आणि स्वाभिमान यांची वाट होती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या चर्चेत त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. अभंग-कीर्तनाला 'राष्ट्रीय' ठरवताना ते राष्ट्र कोणाच्या स्मृतीवर उभे आहे, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. चोखोबांच्या अभंगाला जो समाज मंदिराबाहेर उभा करीत होता, त्याच्या सांस्कृतिक रूपांचा स्वीकार हे दलित ख्रिस्ती व्यक्तीसाठी घरी परतणे असेलच असे नाही.

चर्चनेही या बाबतीत स्वतःला तपासावयास हवे. समतेचा उपदेश करणाऱ्या संस्थेत जातीची जाणीव टिकून राहिली, ही तिची उणीव होय. दुसरीकडे, १९५० च्या अनुसूचित जातीविषयक राष्ट्रपती आदेशात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये आयोग नेमला. धर्म बदलला म्हणजे जात सुटते, हे कायद्याचे गृहीतक आणि जात सुटत नाही हा अनुभव, यांच्या कात्रीत हा समाज सापडला आहे. त्याचा विचार टाळून 'ख्रिस्ती श्रद्धेचे सांस्कृतिक योगदान' हा विषय पूर्ण होऊ शकत नाही.

समारोप

या परंपरेचा धागा अलीकडच्या काळापर्यंत आणता येतो. वसईच्या पर्यावरणरक्षणाच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मगुरू असूनही नागरिक म्हणून नेतृत्व केले आणि तेथील सर्वधर्मीय समाज त्यांच्याबरोबर उभा राहिला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीस झालेला विरोध आणि तो पत्करूनही झालेले स्वागत, या दोहोंनी १८९३ मधील प्रश्न अजून जिवंत असल्याचे दाखवून दिले.

निष्कर्षतः असे म्हणता येईल की, अल्पसंख्य श्रद्धेकडे तिच्या देशीपणाचा दाखला मागणे ही समीक्षेची चुकीची सुरुवात आहे. विचारावयाचे ते असे : या श्रद्धेने सार्वजनिक जीवनात कोणाला बोलते केले, कोणाबरोबर पंगत मांडली आणि कोणत्या सत्तेला नकार दिला? टिळकांनी वेतन सोडले, रमाबाईंनी सरकार आणि धर्मसत्ता दोहोंना जाब विचारला, लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले. त्यांच्या श्रद्धेने संस्कृतीला जे नवे बळ दिले, ते या तीन त्यागांतून आले आहे. हाच निकष बहुसंख्यांच्या श्रद्धेलाही लावण्याची तयारी असेल, तरच राष्ट्रीय संस्कृतीच्या नवीकरणाची भाषा प्रामाणिक ठरेल.