मुखपृष्ठावरचा चंद्र

मुस्लिम मराठी लेखकाचे पुस्तक दुकानात ओळखायला लेखकाचे नाव वाचावे लागत नाही. हिरवा रंग, कोपऱ्यात चंद्रकोर, एखादा मिनार, नाहीतर बुरख्यातून पाहणारे दोन डोळे. एवढे दिसले की पुस्तक आमच्यापैकी कुणाचे तरी आहे हे लांबूनच कळते. आत काय आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आमच्या साहित्याचा आशय, त्याची भाषा, त्यातील अस्मिता यांवर पुष्कळ बोलले गेले. पण वाचकाला आधी दिसते ते मुखपृष्ठ, आणि त्याला आमच्या समीक्षेने फारसा हात लावला नाही. तो लावावा, म्हणून हे टिपण.

एक उदाहरण सांगतो. मध्यंतरी एक कथासंग्रह आमच्याकडे अभिप्रायासाठी आला. कथा कोकणातल्या खाडीकाठच्या गावातल्या. माणसे भात लावतात, मासे धरतात, आखातात गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहतात. गावातली मशीद कौलारू आहे, तिला मिनार नाही. मुखपृष्ठावर मात्र मोठा घुमट, दोन मिनार, वर चंद्रकोर आणि खाली उर्दू वळण दिलेली देवनागरी. लेखकाला विचारले, तेव्हा ते म्हणाले, "छापून आल्यावरच पाहिलं." चित्रकाराकडे हस्तलिखित गेलेच नव्हते. त्याला फोनवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या : पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे नाव. लेखकाच्या नावावरून त्याने चित्र काढले.

नाव ऐकून भाड्याचे घर नाकारले जाते, तेव्हा आम्ही संतापतो. नाव ऐकून मुखपृष्ठ काढले जाते, तेव्हा मात्र आम्ही आभार मानतो. दोन्ही गोष्टी सारख्या गंभीर नाहीत, हे खरे. पण दोन्हींच्या मुळाशी सवय एकच आहे. माणूस न पाहता त्याच्या नावावरून त्याचे चित्र मनाशी ठरवायचे.

मुखपृष्ठ कसे करावे, याचा धडा मराठीत नाही असे नाही. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांचे काम डोळ्यांसमोर आणावे. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरी करणाऱ्या या माणसाने मराठी नाटकांच्या जाहिरातींतली आणि पुस्तकांवरची नावे अशी लिहिली की नाव वाचण्याआधी नाटकाची जात कळावी. 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) आणि 'मत्स्यगंधा' (१९६४) ही दोन्ही नावे त्यांच्याच हातची. पण एकाचे वळण उचलून दुसऱ्याला लावता येणार नाही. अक्षर आशयातून यावे, ही त्यांच्या कामामागची भूमिका. 'माझी अक्षरगाथा' हे त्यांचे पुस्तक आमच्या प्रकाशकांनी जवळ ठेवावे असे आहे.

मात्र या पद्धतीत एक धोका आहे आणि तो सांगितला पाहिजे. अक्षराने आशय दाखवावा, हे तत्त्व आशय माहीत असणाऱ्याच्या हाती शोभते. ज्याला आशय माहीत नाही, तो अक्षराला वेष चढवतो. ऐतिहासिक म्हटले की तलवारीसारखी वेलांटी, भयकथा म्हटली की गळणारे रक्त, आणि मुसलमान म्हटला की उर्दू वळण. शेडग्यांचे अनुकरण करणाऱ्या अनेकांनी त्यांचा वेष घेतला, वाचन घेतले नाही.

या 'उर्दू वळणा'चे जरा बारकाईने परीक्षण करू. त्यात काय करतात? शिरोरेषा तोडतात, काना अलिफसारखा उंच ओढतात, शेपट्या डावीकडे फिरवतात आणि चौकटच्या आकाराचे ठिपके शिंपडतात. आता, नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून सुरू होऊन तिरका खाली उतरतो. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली, डावीकडून उजवीकडे जाणारी. एकीची चाल दुसरीला लावली की दोन्ही लंगडतात. ठिपक्यांचे तर आणखी वाईट वाटते. तो चौकोनी नुक्ता बोरूच्या कापलेल्या टोकातून आपोआप उमटतो. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाच्या नावाने जी प्रमाणबद्ध लेखनपद्धती ओळखली जाते, तिच्यात हा नुक्ता म्हणजे माप आहे. अलिफ किती नुक्ते उंच, हे त्याने मोजतात. कातिब वर्षानुवर्षे हे माप हातात मुरवत असे. १९८१ साली 'नूरी नस्तालीक' संगणकावर येईपर्यंत बहुतेक उर्दू वर्तमानपत्रे अशा कातिबांच्या हातांनीच लिहिली जात होती. ज्या ठिपक्याने अक्षर मोजायचे, तोच आमच्या मुखपृष्ठांवर टिकल्यांसारखा लावला जातो. यात उर्दूचाही मान नाही आणि मराठीचाही नाही.

शिवाय मराठीला त्या नुक्त्याची गरजही नाही. 'नमाज' आणि 'रोजा' आम्ही नुक्त्याशिवाय लिहितो आणि नीट वाचतो. हे वळण आले कुठून? बहुतांशी हिंदी चित्रपटांच्या नवाबी दुनियेतून. 'चौदहवीं का चाँद' (१९६०) लखनौत घडतो. त्याच्या दिवाणखान्यात, शेरवानीत, मुशायऱ्यात ते शोभत असेल. पण हमीद दलवाईंच्या 'इंधन'मधले (१९६५) कोकणातले गाव लखनौ नव्हे. सोलापूरची विडीकामगार बाई, मिरजेचा सतारमेकर, मराठवाड्यातला बागवान यांचेही लखनौशी काही नाते नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत रचला. मराठीत आम्ही काल आलो नाही. मग आमच्या पुस्तकावर आली की देवनागरी परकी का दिसावी? लेखक आयुष्यभर सांगतो की मराठी माझी भाषा आहे, आणि मुखपृष्ठ पहिल्याच नजरेत त्याला खोटे पाडते.

दुसरा धडा र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांचा. ते कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईत विद्यार्थी घडवणारे शिक्षक. अक्षराला सजवण्याआधी लिपीची घडण समजून घ्या, हा त्यांचा आग्रह. संगणकावर अनेक वर्षे आपण जो 'मंगल' टंक वापरला, तो त्यांनीच रेखाटला. 'मंगल'मध्ये ज्ञानेश्वरीचे निरूपण टाईप होते, तसा कुराणाचा मराठी तर्जुमाही होतो. अक्षरांना त्यासाठी टोपी घालावी लागत नाही.

येथवर चित्रकारांना बोललो. आता स्वतःकडे वळू. आमच्या संस्थांची बोधचिन्हे एकदा ओळीने मांडून पाहावीत. शिक्षणसंस्था असो, पतपेढी असो, वाचनालय असो; चंद्रकोर, तारा, उघडे पुस्तक, दिवा, मिनार आणि भोवती गोल पट्टीत नाव. बोटाएवढे छापले की काहीच ओळखू येत नाही. चंद्रतारा हे चिन्ह इस्लामपूर्व काळापासून चालत आलेले. ते मुस्लिमांचे म्हणून रूढ झाले ते मुख्यतः उस्मानी तुर्कांच्या झेंड्यामुळे. ते वापरू नये असे नाही. पण सगळ्यांनीच वापरले, तर ओळख कुणाची राहिली? रुपयाचे चिन्ह पाहा. आयआयटी मुंबईत संशोधन केलेल्या डी. उदयकुमार यांचे हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले. त्यात नाणे नाही, लक्ष्मी नाही, अशोकस्तंभ नाही. देवनागरी 'र', रोमन 'आर'ची चाहूल आणि दोन आडव्या रेघा. शाळकरी मूलही ते पेन्सिलीने काढू शकते. काय वगळायचे ते ठरले, म्हणून ते चिन्ह झाले. आमच्या समित्यांत प्रत्येक सभासदाला आपली एक वस्तू त्यात हवी असते.

कुणी म्हणतील, चंद्र काढला तर बिघडले काय? ओळख लपवायची का? लपवायची मुळीच नाही. ईदच्या चंद्राची वाट पाहणाऱ्या मुलाची कथा असेल, तर मुखपृष्ठावर चंद्र जरूर यावा. तो त्या कथेचा चंद्र असेल. आमचे म्हणणे एवढेच की त्या पुस्तकातले मुसलमानपण काढा. ते कौलारू मशिदीत असेल, विड्यांच्या सुपात असेल, दर्ग्याच्या उरुसातल्या खेळण्याच्या दुकानात असेल. ते शोधायला पुस्तक वाचावे लागेल.

यासाठी फार पैसा लागत नाही. प्रकाशकाने चित्रकाराला हस्तलिखित द्यावे. सगळे नाही तर दोन कथा, पाच कविता तरी द्याव्यात. त्याच्या मानधनात त्या वाचनाचा मोबदला धरावा. लेखकाने छापण्यापूर्वी मुखपृष्ठ पाहण्याचा हक्क मागावा आणि पटले नाही तर तसे सांगावे. आमच्या मोहल्ल्यांतली मुले-मुली कलामहाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्या हाती हे काम द्यावे, पण त्यांनाही वाचायला लावावे, कारण केवळ मुसलमान असल्याने कुणाला पुस्तक कळत नाही. आणि समीक्षकांनी परीक्षण लिहिताना शेवटी 'मुखपृष्ठ आकर्षक आहे' असे ठरलेले वाक्य टाकण्याऐवजी ते पुस्तकाशी इमान राखते का, हे सांगावे.

त्या कोकणातल्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघणार आहे असे कळते. लेखकाला आम्ही कळवले आहे की, या वेळी चित्रकाराला एकदा गावी घेऊन या. खाडी दाखवा, मशिदीची कौले दाखवा, आईच्या हातची तांदळाची भाकरी खाऊ घाला. मग तो काय काढेल ते त्याच्यावर सोडा.