शस्त्रक्रियेपूर्वीचा हृदयालेख : मार्गदर्शिकेच्या भाषेची चिकित्सा

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याचा हृदयालेख, म्हणजे ज्यास व्यवहारात ईसीजी म्हणतात तो, काढावा की नाही, हा प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु त्याचे उत्तर अखेर शब्दांतच दिले जाते. त्या शब्दांची परीक्षा करणे हे भाषाभ्यासकाचे काम होय. इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका या दृष्टीने विचारार्ह आहे.

तिची मांडणी कोष्टकरूप आहे. एका बाजूस शस्त्रक्रियेचे लहान, मध्यम व मोठी असे प्रकार. दुसऱ्या बाजूस अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ठरविलेली रोगप्रकृतीची प्रतवारी. दोहोंच्या छेदस्थानी तीनच उत्तरे संभवतात : 'होय', 'विचार करावा' आणि 'सरसकट नाही'. निरोगी माणसाच्या लहान शस्त्रक्रियेस तिसरे उत्तर लागू पडते. सौम्य का होईना, पण शरीरव्यापी व्याधी असलेल्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेस पहिले. निरोगी माणसाचे वय ६५ हून अधिक असेल, शस्त्रक्रिया मोठी असेल आणि मागील १२ महिन्यांतील आलेख उपलब्ध नसेल, तरच दुसरे. केवळ वयावर निर्णय सोपविलेला नाही, हा या मांडणीचा मोठा गुण होय.

उणीव आहे ती शब्दांत. 'विचार करावा' याचा मूळ अभिप्राय असा की, लाभाचा पुरावा तितकासा निश्चित नाही. मराठीतील विध्यर्थ मात्र आज्ञा, कर्तव्य आणि उपदेश या तिन्ही अर्थांचा वाहक आहे. तो आज्ञार्थी वाचला गेला, तर निरोगी माणसाचाही आलेख काढला जातो. त्यात एखादी निरुपद्रवी विसंगती आढळते, पुढील तपासण्या सुरू होतात आणि शस्त्रक्रिया लांबते. याउलट 'सरसकट नाही' यातील निषेध 'सरसकट' या पदाशी अन्वित आहे, आलेखाशी नव्हे. हा अन्वय चुकला, तर ज्यास भोवळ येते वा धडधड होते अशा रोग्याचाही आलेख राहून जावयाचा. पहिल्या चुकीत काळ व पैसा जातो. दुसरीत प्राणही जाऊ शकतो.

अमेरिकेतील हृदयरोग-संस्थांची २०१४ ची मार्गदर्शिका या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. लक्षणे नसलेल्या रोग्याच्या अल्पजोखमीच्या शस्त्रक्रियेपूर्वी प्रघात म्हणून काढलेला आलेख उपयुक्त नाही, असे ती म्हणते. म्हणजे निषेधाबरोबरच त्याचे कारणही सांगते. मराठीत अशी सूचना लिहिताना अट आधी व निषेध नंतर ठेवणे इष्ट : 'लक्षणे नसतील व शस्त्रक्रिया लहान असेल, तर केवळ प्रघात म्हणून हृदयालेख काढू नये.' वाक्य लांबते खरे. परंतु त्याचा अर्थ एकच राहतो.