परवान्यातील ‘कर्मचारी’ : जावाच्या अटींचे एक परीक्षण

कोणत्याही करारात किमतीचा आकडा प्रथम नजरेत भरतो. तो आकडा कशास लावावयाचा हे सांगणारी व्याख्या मात्र सहसा कोणी वाचीत नाही. ओरॅकल कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जावाच्या वर्गणीची पद्धत बदलली, तेव्हाही दर किती वाढले याकडेच लोकांचे लक्ष गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या बदलाचे मर्म दरात नसून एका शब्दाच्या व्याख्येत आहे. तो शब्द म्हणजे ‘कर्मचारी’.

जावा हे केवळ संगणकभाषेचे नाव नव्हे, ही गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम चालावयाचा तर वापरणाऱ्याच्या यंत्रावरही जावाची एक चालकप्रणाली बसवावी लागते. पगारपत्रक, गोदामाची नोंद, बँकेचे खाते अशा कामांचे सॉफ्टवेअर एक जण तयार करतो व दुसरा वापरतो. परंतु दोघांच्याही पायाखाली तिसऱ्याची जमीन असते. त्यामुळे त्या तिसऱ्याने आपल्या अटी बदलल्या म्हणजे त्यांचा परिणाम विकसकावर थांबत नाही, तर ज्याने जावाचे नावही ऐकलेले नाही अशा हिशेबनिसाच्या टेबलापर्यंत जाऊन पोहोचतो.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जावा प्रसिद्ध केली. ती फुकट मिळत असे, आणि फुकट मिळते ती वस्तू मुक्तच असणार असा समज पुढे रूढ झाला. वस्तुतः तो समज कधीच पूर्णपणे खरा नव्हता. जुन्या परवान्यातही सर्वसाधारण उपयोगाचे संगणक आणि विशिष्ट कामासाठी घडविलेली यंत्रे असा भेद केलेला होता व विनामूल्य वापराची मुभा पहिल्या वर्गापुरतीच होती. तो मजकूर फारसा कोणी वाचला नाही, कारण वाचण्याची गरज भासली नाही. याच काळात दुसरी एक घटना घडली. २००६ च्या नोव्हेंबरात सनने जावाची मूळ संहिता जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करण्याचे जाहीर केले व तीतून ओपनजेडीके हा प्रकल्प उभा राहिला. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली. तेव्हापासून एकाच संहितेचे दोन संसार सुरू झाले : एक मुक्त परवान्याचा, दुसरा ओरॅकलच्या परवान्याचा.

या दुसऱ्या संसाराच्या अटी चार वर्षांत तीनदा पालटल्या. जावाच्या आठव्या आवृत्तीत २०२ क्रमांकाच्या सुधारणेपर्यंत जुना परवाना लागू होता. १६ एप्रिल २०१९ रोजी आलेल्या २११ क्रमांकाच्या सुधारणेपासून नवा परवाना सुरू झाला. त्यानुसार खासगी वापर व विकसनाचे काम यांस मोकळीक राहिली. धंद्याच्या प्रत्यक्ष कामकाजास वर्गणी लागू झाली. सुरक्षिततेसाठी सुधारणा तत्परतेने बसविणारा दक्ष मनुष्य नव्या अटींत प्रथम सापडला आणि आळशी मनुष्य जुन्या अटींत सुरक्षित राहिला, हा या प्रकरणातील विनोद काहीसा कडवट आहे. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये सतराव्या आवृत्तीबरोबर ओरॅकलने पुन्हा धंद्यासही विनामूल्य वापराची परवानगी दिली. पण ती मुदतीची होती. सतराव्या आवृत्तीची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. जो दर दोन-तीन वर्षांनी पुढील आवृत्तीवर जाईल त्यास ही व्यवस्था उत्तम. ज्याचे पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर दहा वर्षे जुने आहे त्यास तिचा उपयोग नाही, आणि धंद्याच्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग या दुसऱ्याच वर्गात मोडतो.

आता २०२३ च्या व्याख्येकडे वळू. त्यापूर्वीच्या वर्गणीत मोजणीचे एकक यंत्र किंवा त्याचा वापर करणारा मनुष्य हे होते. सर्व्हरसाठी दर प्रोसेसरमागे दरमहा २५ डॉलर आणि टेबलावरील संगणकासाठी दर वापरकर्त्यामागे दरमहा अडीच डॉलर असा तिचा छापील दर होता. नव्या वर्गणीत एकक ‘कर्मचारी’ हे आहे. व्याख्येच्या पहिल्या खंडात कंपनीचे सर्व पूर्णवेळ, अर्धवेळ व तात्पुरते नोकर येतात. दुसऱ्या खंडात कंपनीचे प्रतिनिधी, कंत्राटदार, बाहेरून कामे करून देणाऱ्या संस्था आणि सल्लागार यांच्याकडील तशाच सर्व नोकरांचा समावेश केला आहे. अट इतकीच की, ते कंपनीच्या अंतर्गत कारभारास साहाय्य करीत असावेत. आणि शंकेस जागा राहू नये म्हणून पुढे स्पष्ट केले आहे की, प्रोग्रॅम प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचीच नव्हे, तर या सर्वांची संख्या धरावयाची आहे.

व्याख्येचे काम सीमा आखण्याचे असते. येथे ‘अंतर्गत कारभारास साहाय्य’ या शब्दांनी आखलेली सीमा कोठे संपते हे सांगणे कठीण आहे. रात्रपाळीचा पहारेकरी पुरविणारी संस्था, उपाहारगृहाचा कंत्राटदार, झाडलोट करणारी माणसे यांना वगळण्यास मजकुरात स्पष्ट आधार आढळत नाही. आणखी एक विसंगती पाहा. नोकर या नात्यात वेतन, रजा, निर्वाहनिधी अशी परस्परांची बंधने अभिप्रेत असतात. ज्या कंत्राटी मनुष्यास निर्वाहनिधीच्या वेळी ‘हा आमचा नव्हे’ असे सांगण्याकडे मालकांचा कल असतो, तोच येथे परवान्यापुरता ‘आमचा’ ठरतो. शब्द कामगार-कायद्यातला, अर्थ मात्र शिरगणतीचा, असा हा प्रकार आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका कारखान्यात ५०० माणसे आहेत. त्यांपैकी ४० जण जावावर चालणारे गोदामाचे सॉफ्टवेअर वापरतात व त्यासाठी आठ प्रोसेसर गणले जातील असा एक सर्व्हर आहे. जुन्या छापील दराने सर्व्हरचे २,४०० आणि टेबलांचे १,२०० मिळून वर्षाला ३,६०० डॉलर होत. नव्या पद्धतीत ९९९ पर्यंत कर्मचारी असणाऱ्या कंपनीस दर माणशी दरमहा १५ डॉलर हा छापील दर आहे. म्हणजे वर्षाला ९०,००० डॉलर, पूर्वीच्या पंचवीस पट. परंतु या पटीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. वापर ४० टेबलांवरून चारांवर आणला तर जुना खर्च २,५२० डॉलरवर येई. नव्या पद्धतीत एक डॉलरही कमी होत नाही. काटकसर करण्याचा वापरकर्त्याचा अधिकारच व्याख्येने काढून घेतला आहे. त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : सर्वांचे पैसे भरणे, किंवा ओरॅकलची जावा शेवटच्या यंत्रावरूनही काढून टाकणे.

ओरॅकलच्या दरपत्रकातच एक उदाहरण दिले आहे. त्यातील कंपनीत २३,००० नोकर असून ५,००० माणसे प्रतिनिधी, कंत्राटदार व सल्लागार या वर्गांतील आहेत. एकूण २८,००० माणसांचे पावणेसात डॉलरच्या दराने वर्षाचे २२ लाख ६८ हजार डॉलर होतात. त्यांपैकी ४ लाख ५ हजार डॉलर त्या पाच हजार लोकांपायी पडतात. असे लोक कोण असतात हे पुण्या-मुंबईच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. हिंजवडीतील एखाद्या सेवासंस्थेत बसून अमेरिकन बँकेची अंतर्गत व्यवस्था सांभाळणारा अभियंता त्या बँकेच्या यादीत ‘कर्मचारी’ म्हणून मोजला जाऊ शकतो. आणि त्याच्या स्वतःच्या संस्थेने हीच वर्गणी घेतली असेल तर तेथेही त्याची गणना होतेच. मग त्याने जावाची एक ओळही लिहिलेली नसो.

ओरॅकलची बाजू अगदीच लटकी आहे असे मात्र नाही. ओपनजेडीकेच्या कामाचा फार मोठा भार हीच कंपनी वाहते. पूर्वी पैसे घेऊन दिली जाणारी काही साधने तिने २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीबरोबर मुक्त संहितेत घातली. शिवाय एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालविण्याच्या या काळात प्रोसेसरांची मोजणी हा खरोखरीच तंट्याचा विषय झालेला होता. माणसे मोजणे त्या मानाने सोपे. हे सर्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की, ही सोय प्रामुख्याने विकणाऱ्याची आहे. घेणाऱ्यास मात्र आपल्या प्रत्येक कंत्राटदाराकडून माणसांच्या याद्या मागवीत बसावे लागते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कायद्याने कोणासच अडविलेले नाही. हे खरे आहे. ओपनजेडीकेची संहिता ज्या जीपीएल परवान्याखाली आहे त्यास एक अपवाद जोडलेला असून त्यामुळे तिच्यावर चालणारे सॉफ्टवेअर खुले करण्याचे बंधन पडत नाही. एक्लिप्स प्रतिष्ठानाची टेमुरिन, ॲमेझॉनची कोरेटो, अझुलची झुलू, मायक्रोसॉफ्टची आवृत्ती, या सर्व याच संहितेतून तयार होतात आणि विनामूल्य मिळतात. मग एवढी हळहळ कशाला?

या प्रश्नाचे उत्तर परवान्यात नाही. ते विकसक आणि वापरकर्ता यांच्या परस्परसंबंधांत आहे. आपल्या यंत्रावर कोणती जावा बसवावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्यास कागदोपत्री असते. व्यवहारात ते सॉफ्टवेअर देणाऱ्याच्या माहितीपुस्तकातील एका ओळीने ठरते : अमुक प्रोग्रॅमसाठी ओरॅकलची जावा, आवृत्ती आठवी, आवश्यक. ही ओळ ज्याने लिहिली त्याला तेव्हा तिची काहीच किंमत मोजावी लागली नव्हती, आणि आजही लागत नाही. ती वापरकर्ता मोजतो. दुसऱ्या आवृत्तीवर प्रोग्रॅम तपासून पाहून ती ओळ बदलणे हे विकसकाच्या दृष्टीने बिनमोबदल्याचे काम ठरते. ब्राउझरमधून एका टिचकीने प्रोग्रॅम सुरू करण्याची जावा वेब स्टार्ट ही सोय अकराव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. तिच्यावर विसंबून रचलेल्या जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर हे काम तपासणीवर भागत नाही, रचनाच काही अंशी नव्याने करावी लागते. काही विकसकांनी मुक्त आवृत्ती आपल्या प्रोग्रॅमबरोबरच बांधून देण्याचा मार्ग पत्करला आहे. तो स्तुत्य आहे. परंतु जेथे मूळ विकसकाने धंदा बंद केला आहे किंवा देखभालीचा करार संपलेला आहे तेथे असे करणारा कोणी उरत नाही, आणि ती एक ओळ जशीच्या तशी राहते.

एकविसाव्या आवृत्तीच्या विनामूल्य सुधारणांची मुदत सप्टेंबर २०२६ ही ठरलेली आहे. सॉफ्टवेअर खरेदीच्या करारात चालकप्रणालीचा परवाना बदलल्यास पर्यायी आवृत्तीवर प्रोग्रॅम तपासून देण्याची जबाबदारी विकसकाची राहील, असे एक कलम घालून घेणे ग्राहकास आजही शक्य आहे. त्यास ओरॅकलच्या संमतीची आवश्यकता नाही.