स्थानक खरे, माणसे धूसर

मुंबईची आरंभीची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट खटकत राहते. माणसांनी गजबजलेले हे शहर त्यांत ओस पडल्यासारखे दिसते. बंदरात डोलकाठ्या दिसतात, धक्क्यावर माल दिसतो; तो वाहणारा हमाल मात्र सापडत नाही. सापडलाच तर धुरकट रेघ म्हणून.

याला तांत्रिक कारण आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात जो हलला तो पुसला गेला. म्हणजे राबणारा गेला आणि उभ्याने हुकूम सोडणारा उरला!

मग आपली माणसे कुठे आहेत? विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींवर १८६३ आणि १८६६ साली दोन सचित्र खंड काढले. त्यांत बोहरा, मेमण दिसतात. चेहरे स्वच्छ, अंगरख्याची घडीन् घडी स्पष्ट. पण माणसे एकीकडे बसवून टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच चित्रातून आणून जोडलेला. मोहल्ला नाही, दुकान नाही. माणूस नुसता नमुना होऊन बसतो.

बोरीबंदरची कथा याच्या उलट. १६ एप्रिल १८५३ रोजी इथूनच ठाण्याची पहिली गाडी सुटली. स्टीव्हन्सच्या आराखड्याची भव्य इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. तोवर कोरड्या काचा आल्या होत्या, चित्र क्षणात निघू लागले होते. तांत्रिक सबब संपली होती. तरीही बहुतेक चित्रांत कॅमेरा दूर उभा आहे. घुमट पुरता हवा होता. खालची माणसे मुंग्यांएवढी झाली तरी चालणार होती. साहेबाच्या अल्बमला तेच शोभत असावे.

कोकणातून गलबताने आलेले आमचे खलाशी याच शहरात बोटींवर चढले. हजला निघालेले लोक देशभरातून रेल्वेने मुंबईत उतरत आणि इथूनच जहाजात बसत. १९९५ पर्यंत ही समुद्रवाट चालू होती. त्यांचे गाठोडे, त्यांचा निरोप, त्यांची रांग या सुंदर चित्रांत शोधून सापडत नाही.

म्हणून असे चित्र समोर आले की मी आता घुमटाकडे बघत नाही. खालच्या कोपऱ्यातली धूसर रेघ शोधतो. तिच्या डोक्यावर बहुधा ओझे आहे, आणि गाडी गाठायची घाई.