स्टेलेरियम : कामाचे कोठवर?

घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर तारांगण दाखवणाऱ्या मोफत आज्ञावली आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांतली कोणती घ्यावी हे बहुतेक शिक्षक पडद्यावरची चित्रे पाहून ठरवतात. माझ्या मते कसोटी वेगळी असावी. आज्ञावलीने पडद्यावर जे दाखवले, ते विद्यार्थ्याला गच्चीवर किंवा अंगणात जाऊन पडताळता येते का? आणि जेथे पडताळता येत नाही, तेथे ती आपल्या मर्यादा सांगते का? या दोन प्रश्नांवर घासून पाहिली की निवड बरीच सोपी होते.

सेलेस्टिया अंतराळात फिरवून आणते. शनीच्या कड्यांजवळ नेऊन उभे करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण आज रात्री आठ वाजता गुरू कोणत्या दिशेला पाहावा, या प्रश्नासाठी ती नव्हे. स्वित्झर्लंडच्या पॅट्रिक शेव्हाले यांची 'कार्त द्यु सिएल' दिसायला रुक्ष आहे, मात्र तिचे नकाशे पांढऱ्या कागदावर स्वच्छ छापता येतात. दुर्बीण असलेल्या शाळेने ती जरूर ठेवावी. लिनक्स वापरणाऱ्यांना केस्टार्स हाताशी असते. सर्वसाधारण वर्गासाठी मात्र मी स्टेलेरियमचेच नाव सुचवीन. फाब्यें शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेले हे काम पुढे स्वयंसेवकांनी वाढवले आणि २०२२ साली त्याची १.० ही आवृत्ती आली.

स्टेलेरियम नुसती फुकट नाही, मुक्तही आहे. हा फरक शाळेला महत्त्वाचा आहे. एकदा इंटरनेटवरून उतरवून घेतली की तीच प्रत वीस संगणकांवर बसवा, विद्यार्थ्यांना पेनड्राइव्हवर द्या. परवान्यात त्याला पूर्ण मुभा आहे. उतरवायची ती स्टेलेरियम डॉट ऑर्ग या मूळ ठिकाणाहूनच. (मोबाइलवरची आवृत्ती निराळी आहे, तिचा पूर्ण संच विकत घ्यावा लागतो.) बसवण्यात अडचण येते ती जुन्या संगणकावर. चित्रे रेखाटण्यासाठी तिला ओपनजीएल नावाची सोय लागते आणि जुनी ग्राफिक्स यंत्रणा ती पुरेशी देत नाही. अशा वेळी नवा संगणक मागण्याआधी स्टेलेरियमची एखादी जुनी आवृत्ती बसवून पाहावी. शाळेच्या कामाला तिच्यात काही कमी पडत नाही.

प्रथम उघडल्यावर समोर हिरवे कुरण आणि झाडे दिसतात. ते आहे फ्रान्समधल्या गेरँ गावचे क्षितिज! एफ-६ ची कळ दाबून आपले गाव निवडावे, यादीत नसेल तर अक्षांश-रेखांश भरावेत आणि प्रमाणवेळ भारताची आहे ना, हे पाहावे. एवढे न करता दाखवलेले आकाश दुसऱ्याच कोणाचे असते.

माझा पहिला आक्षेप तिच्या देखणेपणावर आहे. मूळ संचातच सहा लाखांहून अधिक तारे आहेत, आकाशगंगेचा पट्टा तर दुधासारखा वाहताना दिसतो. शहरातला विद्यार्थी हे पाहून बाहेर येतो आणि त्याला मोजून पन्नास तारे दिसतात. मग त्याला वाटते, खरे आकाश पडद्यावर आहे, बाहेरचे बिघडलेले. यावर उपाय आज्ञावलीतच आहे. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची एक ते नऊ अशी श्रेणी मांडली. एफ-४ ने उघडणाऱ्या खिडकीत प्रकाश-प्रदूषण वाढवत न्यावे आणि पडदा बाहेरच्या आकाशासारखा दिसू लागला की थांबावे. आपले गाव कोणत्या श्रेणीत बसते, हे विद्यार्थ्यांनीच शोधून काढलेले बरे.

आता पडताळा. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने येथे प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो. पुण्यात हे १३-१४ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस घडते. स्टेलेरियममध्ये दिनांक बदलत जाऊन मध्यान्हीच्या सूर्याचे उन्नतांश ९० च्या अगदी जवळ कधी येतात ते पाहावे, आणि त्या दिवशी अंगणात काठी ओळंब्यात उभी करावी. सावली नाहीशी होते ती घड्याळात बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास. कारण पुणे आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून साडेआठ अंशांहून अधिक पश्चिमेला आहे. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत आकाशाला ढग, ही अडचण आहे खरी. मग जूनमध्ये शाळा उघडल्यावर उन्हाचा एखादा दिवस साधावा. तेव्हा मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते! पुस्तकातल्या आकृतीत ती नेहमी उत्तरेकडे पाहिलेल्या मुलांना हे आधी पडद्यावर दाखवू नये. आधी काठी, मग संगणक.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आज्ञावलीइतकाच आपल्या वापरावर आहे. स्टेलेरियममध्ये पाच हजार वर्षांपूर्वीचा दिनांक घातला तरी आकाश तितक्याच सफाईने उमटते. या सफाईवर विसंबून महाभारत-रामायणातील प्रसंगांच्या तारखा 'संगणकाने सिद्ध' केल्याचे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. येथे गाडी अडते ती पृथ्वीच्या फिरण्यापाशी. पृथ्वीचे परिवलन हळूहळू मंदावत आहे आणि तेही अगदी एकसारखे नाही. एकसारख्या वाहणाऱ्या काळात आणि पृथ्वीच्या घड्याळात त्यामुळे जो फरक साचतो, त्याला डेल्टा-टी म्हणतात. इ.स.पू. ५०० च्या सुमारास तो पावणेपाच तासांच्या आसपास होता. हे आपल्याला कळते ते जुन्या ग्रहणांच्या नोंदींवरून. आणि वेळेच्या हिशेबाला उपयोगी पडतील अशा नोंदी साधारण इ.स.पू. ७२० पर्यंतच मागे जातात. त्यापलीकडे केवळ सूत्र मागे ताणलेले आहे.

एक तासाची चूक म्हणजे पृथ्वीचे पंधरा अंशांचे फिरणे. कुरुक्षेत्राच्या अक्षांशावर हे अंतर सुमारे १४०० किलोमीटर भरते आणि खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा असतो जेमतेम शे-दोनशे किलोमीटर रुंद. शनी-गुरूसारख्या मंद ग्रहांच्या स्थानाला तासा-दोन तासांनी काही होत नाही, हे मान्य. पण 'अमुक दिवशी कुरुक्षेत्रावरून खग्रास ग्रहण दिसले' असे इ.स.पू. ३१०० च्या आसपास कोणतीही आज्ञावली ठामपणे सांगू शकत नाही.

स्टेलेरियमच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की ती हे लपवत नाही. खालच्या पट्टीतील दिनांकावर माऊस नेला की डेल्टा-टीचा आकडा छोट्या चौकटीत दिसतो, आणि एफ-२ च्या खिडकीत त्याची निरनिराळी सूत्रे निवडता येतात. पण हे इतक्या आडबाजूला आहे की शोधल्याशिवाय सापडत नाही. पडद्यावर ठळक अक्षरांत इशारा असायला हवा होता. वरच्या वर्गांना हा प्रयोग जरूर द्यावा : जुन्या काळातले एक सूर्यग्रहण शोधा, पडदा तसाच ठेवा आणि फक्त सूत्र बदला. पाच हजार वर्षे मागे दोन सूत्रांत तासाहून अधिक फरक पडू शकतो, आणि तेवढ्याने ग्रहण दुसऱ्याच प्रदेशावर जाते. वर्ष घालताना मात्र एक लक्षात ठेवावे. आज्ञावलीच्या गणनेत शून्य वर्ष आहे, इतिहासाच्या गणनेत ते नाही. कलियुगारंभाचे म्हणून सांगितले जाणारे इ.स.पू. ३१०२ हे वर्ष येथे उणे ३१०१ असे लिहावे लागते.