बोलावलेले आणि निवडलेले

रस्त्यावरच्या माणसाचे त्याच्या नकळत टिपलेले छायाचित्र कलाकृती ठरू शकते, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. परंतु कलावंत त्या अनोळखी माणसाचे काही देणे लागतो की नाही, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांचे ‘मेनी आर कॉल्ड’ हे पुस्तक आम्हाला या प्रश्नाच्या मुळाशी नेते. त्याचा आस्वाद घेताना मन तृप्त होते आणि अस्वस्थही होते.

१९३८ ते १९४१ या काळात इव्हान्स न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून हिंडले. कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग त्यांनी काळ्या रंगाने झाकले आणि तो ओव्हरकोटाखाली दडवला. कोटाच्या दोन गुंड्यांमधून भिंग डोकावत असे आणि कळ दाबण्याची तार अस्तनीतून थेट हातात आलेली असे. चौकट जुळवणे नाही, प्रकाशाची योजना नाही; समोरच्या बाकावर जो येऊन बसेल तोच चित्राचा विषय. सहाशेहून अधिक छायाचित्रे अशी जमली. त्यांतील ८९ या पुस्तकात आहेत.

या चेहऱ्यांवर मुखवटा नाही. कोणी पेंगुळलेले आहे, कोणी वर्तमानपत्रात बुडालेले आहे, कोणी शून्यात पाहत आहे. जगाला दाखवण्यासाठी धारण केलेला भाव दोन स्थानकांमधल्या त्या अवकाशात गळून पडतो आणि माणूस उरतो. विरार लोकलने रोज प्रवास करणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. याच मालिकेत डब्यातून वाट काढत ॲकॉर्डियन वाजवणारा एक अंध वादक आहे. कॅमेरा ज्याच्यापासून लपवण्याची गरज नव्हती असा तो एकटाच, आणि लोकांनी आपल्याकडे लक्ष द्यावे अशी इच्छा असलेलाही बहुधा तो एकटाच.

पुस्तकाचे नाव संत मत्तयच्या शुभवर्तमानातील बाविसाव्या अध्यायातून, लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्यातून घेतलेले आहे. राजाचे सेवक चव्हाट्यावर जातात आणि बरे-वाईट जे भेटतील त्या सर्वांना गोळा करून आणतात. इव्हान्स यांनी हेच केले. गरीब-श्रीमंत, गोरे-काळे, तरुण-वृद्ध अशी निवड त्यांनी आधी केली नाही. एकाच पंक्तीला सर्वांना मान दिला. या पुस्तकाचे मोठेपण आम्ही यातच मानतो.

तथापि इव्हान्स यांनी वचनाचा पूर्वार्धच उचलला. उत्तरार्ध निवडलेल्या थोड्यांविषयी आहे, आणि येथे निवडणारा राजा नसून छायाचित्रकार आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दाखल्यातील पहिल्या पाहुण्यांनी आमंत्रण नाकारले होते. ते चुकले असतील, पण नाकारण्याची मुभा त्यांना होती. भुयारी रेल्वेतील उतारूंना आमंत्रण आले आहे, हेच ठाऊक नव्हते.

जेम्स एजी या लेखकासह इव्हान्स यांनी १९४१ मध्ये ‘लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचेही नाव बायबलमधलेच, बेन सिराच्या ग्रंथातले. अलाबामातील गरीब कुळांची ती चित्रे. तेथे माणसे कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी आहेत. आपण पाहिले जात आहोत हे त्यांना कळते, आणि त्यातूनच त्यांची प्रतिष्ठा प्रकटते. भुयारी चित्रांत सत्य अधिक असेल, पण ही देवाणघेवाण नाही.

इव्हान्स यांना याची बोचणी होती. आपण पश्चात्ताप पावलेला हेर आहोत, असे त्यांनी लिहून ठेवले. पश्चात्तापाबरोबर परिमार्जनही लागते, हे आपण पापनिवेदनाच्या संस्कारात शिकतो. त्यांनी ही चित्रे जवळजवळ पंचवीस वर्षे राखून ठेवली आणि पुस्तक १९६६ मध्ये काढले. एजींनी १९४० मध्ये लिहिलेली प्रस्तावना त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी छापली गेली. हा विलंब आम्हाला परिमार्जनासारखा वाटतो. काळाने चेहरे बदलले, ओळख पुसट झाली, आणि मगच चित्रे लोकांसमोर आली.

हा संयम पुढे टिकला नाही. फिलिप-लॉर्का डिकोर्शिया यांनी १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरमध्ये लपवलेल्या प्रकाशझोतांच्या साहाय्याने वाटसरूंचे चेहरे टिपले. एका धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थांनी आपले चित्र पाहून २००५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. अशी प्रतिमा त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हती. २००६ मध्ये न्यायालयाने चित्र ही कला ठरवून दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य असेल. पण बोलावलेल्यांपैकी एकाने उशिरा का होईना ‘नको’ म्हटले होते, आणि ते ऐकण्याचे बंधन कोणावर उरले नाही.

आज लपवायला ओव्हरकोट लागत नाही. मोबाइल प्रत्येकाच्या हाती आहे, आणि टिपलेला चेहरा पंचवीस वर्षे नव्हे, पंचवीस क्षणही थांबत नाही. इव्हान्स यांच्या पुस्तकाकडून तंत्र शिकण्याजोगे फार नाही. त्यांची बोचणी मात्र शिकण्याजोगी आहे.